दहा एकर भंगार

बाबांना घेऊन जोशुआ ट्रीला जाऊन आलो त्याला दोन महिने होत आले, लिहायचं लिहायचं म्हणत राहूनच गेलं. आज फोनमधले फोटो डिलीट करत बसले होते (स्टोरेज फुल, नेहमीचंच) आणि त्यात एक सापडला, बाबा वाळूत उकिडवे बसून काहीतरी बघतायत, चेहरा दिसत नाही, फक्त टोपी आणि मागे भलंमोठं आभाळ. म्हटलं आता लिहून टाकू, नाहीतर हेही राहून जाईल.

तर बाबा सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत आले होते आणि इथे येणाऱ्या सगळ्या आईबाबांचं जे होतं तेच त्यांचंही झालं, पहिले दोन आठवडे रस्त्यांचं कौतुक आणि तिसऱ्या आठवड्यात "अगं इथे रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही". समुद्र दाखवून झाला, हॉलीवूडची पाटी झाली, एका मोठ्या म्युझियममध्ये नेलं तर वीस मिनिटांत बाकावर जाऊन बसले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं मेकॅनिक होते. चित्रं बघून त्यांना काही म्हणजे काही होत नाही, पण त्या म्युझियमच्या लिफ्टचा आवाज ऐकून "बेअरिंग चाललंय ह्याचं" हे मात्र त्यांनी आत पाऊल टाकायच्या आधी सांगितलं. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की यांना नोआ प्युरिफॉयकडे न्यायचं.

नोआ प्युरिफॉय हे नाव मलाही चार वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलं म्हणून एकदा गेलो होतो आणि मी तिथून येताना गाडीत गप्पच होते. थोडक्यात सांगायचं तर मोहावीच्या वाळवंटात, जोशुआ ट्री नावाच्या छोट्याशा गावाबाहेर, दहा एकर जागेत या एका माणसाने भंगारातून उभं केलेलं शिल्पांचं आवार आहे. छप्पर नाही, तिकीट नाही, गार्ड नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कधीही या आणि फिरा. बाबांना मी एवढंच सांगितलं की भंगार बघायला चाललोय. ते लगेच तयार झाले, बूट पण घातले.

लॉस एंजलिसपासून साधारण दोनशे दहा किलोमीटर. आय-टेन हायवे धरून पूर्वेला जात राहायचं, सॅन गोर्गोनियोच्या खिंडीत पवनचक्क्यांचं जंगल लागतं तिथे बाबांनी गाडी हळू घ्यायला लावली आणि किती चालू आहेत किती बंद आहेत ते मोजत बसले. मग 62 नंबरचा हायवे पकडून वर चढायचं. ही चढण लोकांच्या लक्षात येत नाही, वाळवंट म्हटलं की आपल्याला सपाट आणि खाली असं काहीतरी वाटतं, पण जोशुआ ट्री गाव सव्वाआठशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात भाजून निघतं आणि हिवाळ्यात पहाटे बोटं गारठतात. आम्ही मार्चमध्ये गेलो, ऊन छान होतं पण वारा असा की गाडीचं दार उघडताना हातातून सुटत होतं.

वाटेत युका व्हॅलीला पंधरा मिनिटं थांबलो, तिथे टेकडीच्या उतारावर डेझर्ट क्राइस्ट पार्क आहे, पांढऱ्या काँक्रीटचे येशू आणि शिष्य वगैरे. 1951 साली सुरू झालेलं, अँटोन मार्टिन नावाच्या माणसाने केलेलं. 1992 च्या लँडर्सच्या भूकंपात, 7.3 चा होता तो, त्यांचं बरंच नुकसान झालं. बाबांनी चप्पल काढावी का नाही या विचारात अर्धा वेळ घालवला, नमस्कार केला, आणि "आत सळ्या कमी पडल्या असणार" असा रिपोर्ट दिला. पुढे निघालो.

जोशुआची झाडं दिसायला लागली की मी पहिल्यांदा येणाऱ्याच्या तोंडाकडे बघते, कारण ती झाडं एखाद्या लहान मुलाने आठवणीने काढल्यासारखी दिसतात, वाकडे हात वर केलेली आणि टोकांना काट्यांचे झुबके. बाबा म्हणाले, "घायपाताच्या नात्यातलं दिसतंय." मी हसले, आणि रात्री घरी येऊन बघितलं तर खरंच की, जोशुआचं झाड म्हणजे एक युका, आणि युका आणि घायपात एकाच कुळातले. शेताच्या बांधावर घायपात बघत मोठा झालेला माणूस तो, त्याला गुगल कशाला लागतंय.

शेवटचा रस्ता कच्चा आहे. वाऱ्याने आणि गाड्यांनी आडव्या वळ्या पडलेल्या असतात, गाडी अशी थडथडते की दात वाजतात. आजूबाजूला लांब लांब एकेकटी छोटी घरं, काही नुसत्या चार भिंती. हे पण मला नंतर कळलं की 1938 च्या एका कायद्याने सरकार इथली पाच पाच एकर जमीन लोकांना देत होतं, अट एकच, त्यावर काहीतरी घर बांधून दाखवायचं. म्हणून लोकांनी खोक्याएवढी घरं बांधली, आणि पुढे कित्येकांनी तशीच सोडून दिली. म्हणजे त्या भागात टाकून दिलेल्या गोष्टींचा दुष्काळ नाही.

गाडी लावली. बाबा उतरले, कमरेवर हात ठेवून एकदा डावीकडे बघितलं एकदा उजवीकडे, आणि म्हणाले, "हं. यार्ड आहे."

आता त्यांच्या तोंडी यार्ड म्हणजे शिवी नाही हे सांगायला पाहिजे. स्क्रॅपला काढलेल्या गाड्या उभ्या असतात ते यार्ड. लहानपणी मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेले आहे, सांगाड्यांच्या रांगा, सीट नाही काचा नाही, खिडक्यांतून गवत बाहेर आलेलं. बाबांच्या मते खरा मेकॅनिक यार्डात कळतो, नवीन पार्ट कोणीही बसवेल.

फाटकाशी एक पेटी असते, तिच्यात नकाशाचा कागद. मी तो घेतला, बाबांनी घेतला नाही. मी कागद बघून सांगायचे की हे अमुक साली केलंय, नाव असं असं आहे, आणि ते त्याच वेळी तिकडे खाली वाकून हे कशाचं आहे ते सांगत होते. मला खरं तर नावापेक्षा त्यांचंच ऐकण्यात मजा यायला लागली. रुळांवर उभी केलेली एक गाडी आहे, कर्बी एक्स्प्रेस, सायकलची चाकं आणि जुने व्हॅक्यूम क्लीनर जोडून केलेली, कर्बी हे व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीचं नाव. मी म्हटलं बघा कसली गंमत आहे, धूळ ओढणाऱ्या मशीनची आगगाडी आणि ती पण इथे, जिथे धुळीशिवाय काही नाही. बाबा म्हणाले मोटरी आत असतील तर तांबं चांगलं निघेल. मग एक फळकुटांची मोठी खोपटी, तिच्या छपरावर सायकली चढवलेल्या, नो कॉन्टेस्ट नाव, 1991 चं काम. जेवणाचे अॅल्युमिनियमचे ट्रे, मोजून 65, वाऱ्यात उन्हात चमकत असतात. कॅरोसेल नावाच्या एका गोल खोलीत जुने कॉम्प्युटर कोंबलेत, त्या जाड ढेरीवाल्या मॉनिटरांचा काळ ज्यांना आठवतो त्यांना तिथे जरा गलबलून येईल. आणि सगळीकडे कमोड. इतके कमोड की काय सांगू, आणि वापरायला एक नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, जाणार असाल तर गावातच उरकून या, पाणी बरोबर ठेवा, आम्हाला तरी आत नळ दिसला नाही.

"हा कोण माणूस? भंगारवाला का?" बाबांनी अर्ध्या तासाने विचारलं.

मग मी सांगायला लागले. प्युरिफॉय 1917 साली अलाबामातल्या स्नो हिल नावाच्या गावी जन्मला, काळा माणूस, आणि तो काळ तिथे काळ्या माणसासाठी कसा होता ते सांगायला नको. शिक्षक झाला, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या बांधकाम तुकडीत होता, सीबीज म्हणतात त्यांना, मग समाजकार्याची डिग्री घेतली, मग लॉस एंजलिसला येऊन आर्ट स्कूलमध्ये गेला आणि 1956 मध्ये पदवी मिळवली तेव्हा जवळजवळ एकोणचाळीस वर्षांचा होता. बाबांना बांधकाम तुकडी आवडली. "म्हणजे हत्यारं माहीत होती त्याला," म्हणाले, आणि यानंतर त्यांनी त्याला भंगारवाला म्हटलं नाही.

मग वॉट्सची गोष्ट. लॉस एंजलिसमधली ती काळ्या लोकांची वस्ती, तिथे 1965 च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी एका तरुणाला गाडीसकट अडवलं आणि त्यातून जे पेटलं ते सहा दिवस चाललं, 34 माणसं गेली, दुकानांच्या रांगाच्या रांगा जळल्या. प्युरिफॉय तेव्हा तिथेच, वॉट्स टॉवर्सच्या शेजारी मुलांना कला शिकवायचं केंद्र चालवत होता. (वॉट्स टॉवर्स ही आणखी एक वेडी गोष्ट, सायमन रोडिया नावाच्या एका इटालियन मजुराने 33 वर्षं एकट्याने सळ्या, सिमेंट आणि फुटक्या बाटल्या-बशांचे मनोरे उभे केले. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) आग विझल्यावर प्युरिफॉय आणि त्याचा एक सहकारी रस्त्यावर उतरून जळकं सामान गोळा करायला लागले, तीन टन गोळा केलं. निऑनच्या पाट्या वितळून थेंब थेंब होऊन घट्ट झालेल्या, त्यांचे खडे झालेले. त्यातून 1966 मध्ये प्रदर्शन उभं राहिलं, 66 साइन्स ऑफ निऑन.

इथे बाबांनी मला थांबवलं. जळलेल्या गाडीतून काय काढता येतं आणि काय येत नाही यावर ते बोलायला लागले, आणि मग एकदम एका दंगलीनंतर डेपोत ओढून आणलेल्या गाड्यांबद्दल बोलले, कोणत्या सालची ते मी लिहीत नाही. सीटचा फोम जळाला की पत्र्यावर त्याचा असा थर बसतो की तो खरवडून निघत नाही, आणि वास महिनाभर जात नाही. हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी बहिणी तेव्हा लहान होतो, ते घरी येऊन आंघोळ करून मग आमच्याजवळ बसायचे एवढंच आठवतंय.

पुढे प्युरिफॉयने बरीच वर्षं कला जवळजवळ सोडलीच, कॅलिफोर्नियाच्या आर्ट्स कौन्सिलवर काम केलं, तुरुंगांमध्ये वगैरे कलेचे कार्यक्रम नेले. आणि 1989 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या आसपास, शहर सोडून या वाळवंटात आला. शहरातलं भाडं परवडत नव्हतं आणि इथे जागा होती. पुढची 15 वर्षं तो हेच करत राहिला. बाबांचं वय सत्तर. मी हे बोलले तेव्हा त्यांनी काही न बोलता त्या सायकलींच्या छपराची उंची नजरेने मोजली, मला कळलं काय मोजतायत ते, की या वयात तो वर चढला कसा.

आता ते एक शिल्प, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहितेय. व्हाइट/कलर्ड, साल 2000. शेजारी शेजारी दोन गोष्टी. एकीकडे साधा पाणी प्यायचा कूलर, त्यावर व्हाइट. दुसरीकडे कमोड, आणि त्यालाच पाणी प्यायचं असल्यासारखी नळाची जोडणी, त्यावर कलर्ड. बस एवढंच. मागच्या वेळी मी ते बघितलं तेव्हा आधी हसू फुटलं होतं, कारण ते विनोदासारखंच मांडलंय, आणि मग ते हसू कुठे ठेवावं ते कळेना.

बाबांना इंग्रजी पाटी वाचता येते. त्यांनी वाचली.

"हे खरंच असं होतं?"

म्हटलं कमोड नव्हता हो, पण वेगळे नळ होते, गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, दक्षिणेकडच्या राज्यांत, कायद्यानेच.

"कधीपर्यंत?"

"1964 ला कायद्याने बंद झालं."

"म्हणजे मी चौथीत होतो," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आणि आपल्याकडे तर नळ सोड, तळ्यालाच हात लावू देत नव्हते."

चवदार तळं 1927 चं. प्युरिफॉय तेव्हा नऊ वर्षांचा असेल, अलाबामात. मी शाळेत महाडचा धडा पाठ केलेला, गाळलेल्या जागा भरा मध्ये 20 मार्च लिहून मार्क मिळवलेले, आणि माझ्या मनात तो फोटोच्या चौकटीतला प्रसंग होता. त्या दिवशी वाळवंटात त्या कमोडसमोर उभं राहून पहिल्यांदा डोक्यात आलं की पाणी म्हणजे तहान लागलेली असताना समोर असलेलं पाणी. बाबांच्या आजोळच्या गावात दोन विहिरी होत्या हे मला माहीत होतं, दोन का होत्या हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं. त्यांनी सांगितलं. ते कोणत्या विहिरीवर जायचे ते पण सांगितलं, खाली बघत सांगितलं, आणि मग म्हणाले की पाणी दोन्हीकडे सारखंच मचूळ होतं. ते सगळं इथे लिहायचं का नाही ते अजून ठरत नाही, म्हणून इथेच थांबते.

तेवढ्यात एक जोडपं आलं, तिने टोपी घातलेली मोठ्या कडांची, त्याच्याकडे कॅमेरा, आणि ती त्या कमोडशेजारी पोज देऊन उभी राहिली. मला राग आला. मग आठवलं की मागच्या वेळी मी पण तिथे फोटो काढलाय, पोज दिली नव्हती एवढाच काय तो फरक. राग गिळला.

बाबांचं आणि प्युरिफॉयचं भांडण झालं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. तिथे सगळ्याला गंज चढलाय, लाकूड राखाडी होऊन चिरलंय, कापडं उन्हाने विरून चिंध्या झाल्यात, प्लायवूडचे पापुद्रे सुटलेत. बाबांना ते बघवेना. "एक हात रेड ऑक्साइड मारला असता तर पन्नास वर्षं हललं नसतं," असं ते प्रत्येक शिल्पापाशी म्हणत होते, शब्दशः प्रत्येक. मी सांगितलं की त्याने मुद्दाम तसं सोडलंय, ऊन वारा पाऊस हे पण आपल्याबरोबर काम करतायत असं त्याचं म्हणणं होतं, वस्तू बदलत जाते हेच त्याला हवं होतं. बाबा म्हणाले, "काम करणाऱ्याने असं म्हणू नये." मी म्हटलं का? तर म्हणे मेंटेनन्स करायचा कंटाळा आला की सगळेच असं म्हणतात.

मी तेव्हा हसून सोडलं, पण मला ते पुरतं चूक वाटत नाही. कारण प्युरिफॉय आता नाही, 2004 मध्ये घराला लागलेल्या आगीत गेला, 86 वर्षांचा होता. (आगीतून उचललेल्या वस्तूंनी ज्याने सुरुवात केली त्याचं हे असं व्हावं, यावर काय बोलणार.) जिवंत होता तेव्हा पडलेलं उचलायचं की राहू द्यायचं ते तो ठरवायचा. आता त्याच्या नावाचं एक फाउंडेशन आहे, तो असतानाच 1999 मध्ये स्थापन झालेलं, ते सांभाळतं. आणि त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न हाच असणार ना की फळी निखळली तर खिळा मारायचा का? मारला तर त्याच्या म्हणण्याविरुद्ध, नाही मारला तर आणखी तीस वर्षांनी तिथे बघायला काय राहील? 2015 मध्ये लॉस एंजलिसच्या मोठ्या कला संग्रहालयाने, लॅक्मा म्हणतात ते, त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा इथली काही शिल्पं उचलून तिकडे नेली होती. वर्षानुवर्षं वारा खाल्लेल्या वस्तू एसीत. मी ते बघितलं नाही, पण कल्पना करून बघते तेव्हा मला ती सुट्टीवर आलेल्या बाबांसारखी दिसतात, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेवर बसलेली.

चंदीगडचं रॉक गार्डन बाबांनी बघितलंय, युनियनच्या अधिवेशनाला गेले होते तेव्हा. नेकचंदनेही फुटक्या बांगड्या आणि बशांमधूनच केलं ते. मी विचारलं कोणतं चांगलं? "ते बागेसारखं आहे, इथे काम चालू असताना माणूस जेवायला गेलाय असं वाटतं." मी प्युरिफॉयकडे दोनदा गेले, नकाशा वाचला, त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं, आणि मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

चार वाजून गेले होते, सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या आणि वारा आणखी वाढला, कुठलातरी पत्रा सारखा आपटत होता. नवरा गाडीत जाऊन बसला, त्याला सोमवारची मीटिंग दिसत होती. मी वळून बघते तर बाबा उकिडवे बसलेले. हाच तो फोटो.

वाळूत एक बोल्ट पडला होता. बोटभर लांब, गंजलेला, डोकं झिजलेलं. बाबा तो उचलत नव्हते, नुसते बघत होते. मग मान वर करून आजूबाजूचे सांधे बघायला लागले, कुठलं भोक रिकामं आहे. तीन-चार रिकामी होती. मी म्हटलं बाबा चला, इथलं काही न्यायचं नसतं. "नेत नाहीये गं," म्हणाले, "पण हा पडलाय का ठेवलाय?"

मला सांगता येईना. तिथे खाली पण कितीतरी गोष्टी त्याने मांडून ठेवलेल्या आहेत, पत्र्याचे तुकडे, नळ्या, बोलिंगचे चेंडू, कुठे शिल्प संपतं आणि कुठे जमीन सुरू होते ते मी ठामपणे दाखवू शकले नसते. बाबांनी बोल्ट उचलला, अंगठ्याने आटे तपासले, एका भोकाला लावून बघितला, बसेना, दुसऱ्याला लावला, तिथेही नाही. मग परत जिथे होता तिथे ठेवला. आधी ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला, वाळूत त्याचा खळगा पडला होता त्यात बरोबर.

गाडीत पवनचक्क्या येईपर्यंत कोणी बोललं नाही. मला वाटलं झोपले. मग मागून आवाज आला,

"स्प्रिंग वॉशर टाकला असता ना, तर पडला नसता तो."

आणि पाच मिनिटांनी, "पडला असेल तर."